वाचकांचे प्रश्न : वापरलेले स्टेनलेस रिव्हॉल्वर घेताना

प्रश्न : माझ्याकडे रीतसर परवाना आहे. नेमबाजीच्या सरावासाठी आणि हौसेने जपण्यासाठी आखूड नळीचे, स्टेनलेस स्टीलचे एखादे वापरलेले रिव्हॉल्वर घ्यावे असा विचार आहे. नुकतेच एक पाहिले. ते अगदी लखलखीत आहे आणि ‘यातून फारशा गोळ्या झाडलेल्याच नाहीत’ असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. त्यावर विश्वास ठेवावा का? आणि इतक्या आखूड नळीच्या शस्त्राने सराव करण्यात खरोखर आनंद मिळतो का?

उत्तर : केवळ चकाकीवरून कोणताही निष्कर्ष काढू नका. निळसर-काळा मुलामा दिलेल्या जुन्या शस्त्रावर वापराच्या खुणा सहसा लपत नाहीत, कारण मुलामा झिजला की खालचा धातू उघडा पडतो. स्टेनलेस स्टीलवर मात्र मुलामाच नसतो, त्यामुळे ओरखडे पॉलिश करून नाहीसे करता येतात आणि पुष्कळ वापरलेले रिव्हॉल्वरही नव्यासारखे दिसू शकते. काही जुनी मॉडेल्स कारखान्यातूनच चकचकीत येत, हे खरे. पण कडा गोलसर झाल्या असतील, स्क्रूभोवतीचा भाग किंचित खोलगट वाटत असेल किंवा कंपनीची कोरीव अक्षरे पुसट झाली असतील, तर कोणीतरी पॉलिशचे चाक फिरवले आहे असे समजावे. खरी पारख यंत्रणेची करायची असते, आणि सुदैवाने रिव्हॉल्वरची यंत्रणा तपासायला सोपी असते.

प्रथम सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) उघडून सर्व खाने रिकामे आहेत याची खात्री करा, आणि शस्त्र हातातून खाली ठेवून पुन्हा उचलले तर ती पुन्हा करा. मग सिलिंडर बंद करून, त्यावर बोटाचा हलका दाब ठेवत, हॅमर (मागचा घोडा) अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा. हॅमर पूर्ण मागे जाऊन अडकण्यापूर्वी प्रत्येक खाना नळीसमोर येऊन पक्का बसला पाहिजे. एक जरी खाना मागे राहिला तरी जुळणी बिघडलेली आहे. ही परीक्षा सर्व खान्यांवर करा, कारण दोष बहुधा एखाद्याच खान्यात असतो. हॅमर मागे अडकलेला असताना, ट्रिगरला स्पर्श न करता, अंगठ्याने तो पुढे ढकलून पाहा. तो सुटून पुढे पडला, तर असे शस्त्र धोकादायक आहे आणि व्यवहार तिथेच थांबवावा.

त्यानंतर सिलिंडर पुढे-मागे हलवून पाहा. तो जाणवण्याइतका सरकत असेल तर झीज झालेली आहे. ट्रिगर दाबून धरला असता बाजूला किंचित हालचाल होणे मात्र अनेक चांगल्या रिव्हॉल्वरांत स्वाभाविक असते. सिलिंडर आणि नळी यांमधली फट साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असावी. ती फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजता येते. नळीचे मागचे तोंड भिंगाखाली पाहा, कारण तेथील तडा हा पटकन दुरुस्त होणारा दोष नव्हे. .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या काही रिव्हॉल्वरांमध्ये, विशेषतः स्मिथ अँड वेसनच्या जुन्या मॉडेल ६६ मध्ये, हे तोंड खालच्या बाजूने सपाट कापलेले असते आणि तडा तेथेच शोधावा लागतो. नळीच्या वर, चौकटीच्या पट्टीवर ज्वाळेने कोरलेली बारीक रेघ दिसली तर मात्र घाबरू नका. ती थोडी खोल जाऊन बहुधा थांबते. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावरची काळी वर्तुळे म्हणजे काजळी असते आणि तीवरून वापराचा अंदाज थोडाफार येतो, पण तीही घासून काढता येते.

स्टेनलेस रिव्हॉल्वरांची सुरुवात १९६५ मध्ये आलेल्या स्मिथ अँड वेसन मॉडेल ६० पासून झाली. पाच गोळ्यांचे, .३८ स्पेशल या काडतुसाचे हे छोटे रिव्हॉल्वर नियमित उत्पादनातले पहिले स्टेनलेस रिव्हॉल्वर होय. रूगर एसपी१०१ त्याहून भरीव असल्याने धक्का कमी देते. माझे मत विचाराल तर, केवळ सरावासाठी घेणाऱ्याने हाताला जड लागणारेच निवडावे. .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्वरात .३८ स्पेशल चालते, उलट कधीही चालत नाही; आणि जुन्या .३८ मध्ये जादा दाबाची काडतुसे उत्पादकाची अनुमती पाहिल्याशिवाय घालू नयेत.

आता आनंदाचा प्रश्न. आखूड नळी स्वतः अचूक असते. चूक होते ती नेम धरण्याच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधले अंतर कमी असल्याने, कारण हाताचा जरासा कलही लक्ष्यावर मोठा होऊन दिसतो. म्हणूनच हे शस्त्र शिकवते फार. सुरुवात जवळच्या अंतरावरून आणि १४८ ग्रेनच्या (सुमारे ९.६ ग्रॅम) वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाच्या, गोळीने करावी. तिचा धक्का सौम्य असतो आणि कागदावर स्वच्छ गोल छिद्र पडते. ट्रिगरचा लांब, जड ओढा एकसंध, न थांबता पूर्ण करता येऊ लागला आणि पाचही छिद्रे एका ठिकाणी पडू लागली, की मिळणारे समाधान लांब नळीच्या शस्त्राने सहसा मिळत नाही. रिकाम्या पुंगळ्या काढताना नळीचे तोंड वर ठेवून पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा एका ठोक्यात दाबा, कारण आखूड नळीखालचा दांडा आखूडच असतो आणि पुंगळ्या अर्धवट अडकून राहतात.

प्रश्न : स्टेनलेस असल्यामुळे त्याला तेल-पाणी करण्याची गरज नाही, हे खरे का?

उत्तर : नाही. या पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. परंतु घाम आणि मिठाचा अंश बराच काळ राहिला तर तो थर भेदला जातो. मुठीच्या आवरणाखाली ठिपके प्रथम दिसतात, म्हणून ते अधूनमधून काढून पुसावे. स्प्रिंगा आणि आतले काही सुटे भाग साध्या पोलादाचे असू शकतात, त्यांना तेलाचा हलका हात लागतोच. चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरून ठेवते. मॅग्नमच्या रिव्हॉल्वरात .३८ च्या गोळ्या वारंवार झाडत असाल, तर खान्यांच्या आत जमणारे काजळीचे कडे ब्रशने काढत राहा. नाहीतर लांब पुंगळीचे मॅग्नम काडतूस आत नीट बसत नाही.