विद्यापीठातील आंतरविद्याशाखीय संशोधनात संख्याशास्त्रज्ञाला केव्हा सोबत घ्यावे?

प्रस्ताव लिहिण्यापूर्वीच घ्यावे. नमुना किती मोठा असावा, तुलनेसाठी कोणता गट निवडावा आणि कोण कोणत्या गटात जाईल याचे वाटप यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कसे करावे, हे निर्णय चुकले तर नंतरचे कोणतेही गणित ते सहसा दुरुस्त करू शकत नाही. १९३८ मध्ये कोलकात्यातील भारतीय संख्याशास्त्र परिषदेत ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी बजावले होते की प्रयोग संपल्यावर मागितलेला सल्ला बहुधा शवविच्छेदनच ठरतो. हा अनुभवाचा बोल होता, कारण १९१९ पासून इंग्लंडमधील रोथॅमस्टेड कृषिसंशोधन केंद्रात काम करताना, शेतातील प्रश्नांतूनच त्यांचे प्रयोगरचनेचे शास्त्र घडले होते. म्हणून विद्यापीठाने अनुदानात संख्याशास्त्रज्ञाच्या वेळेची स्वतंत्र तरतूद करावी आणि त्याला सहसंशोधकाचे स्थान द्यावे. केवळ ऋणनिर्देशात नाव घालून मोकळे होण्याची रीत मला अन्यायकारक वाटते.