‘कोर्ट’मध्ये कॅमेरा हलत का नाही?

तुम्ही विचारलंय, की चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ या एका शाहिरावरच्या खटल्याच्या सिनेमात सीन संपला तरी कॅमेरा तिथंच का थांबतो, हा नवखेपणा आहे की मुद्दाम केलंय? मुद्दाम केलंय. मी नाशिकला सीबीएस बसस्थानकासमोरच्या जिल्हा न्यायालयात बरीच वर्षं एका वकीलसाहेबांकडे कारकून आहे, तिथं जे रोज बघतो त्यावरून सांगतो.

आमच्याकडे सुरगाण्याचे, पेठचे पक्षकार पहाटेची एसटी धरून येतात. बोर्डावर नंबर बघतात आणि व्हरांड्यात बसून राहतात. दुपारी पुकारा होतो, समोरच्यांचा मुदतीचा अर्ज येतो, पुढची तारीख पडते. दोन मिनिटांत बाहेर. हा वेळ पडद्यावर मी पहिल्यांदाच जसाच्या तसा बघितला. कॅमेरा मागच्या बाकावरच्या पक्षकारासारखा लांब बसलेला असतो, म्हणून इतरांच्या केसेसही आपल्या वाट्याला येतात. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून जिचं प्रकरण न्यायाधीश त्या दिवशी ऐकतच नाहीत, ती बाई त्यातलीच.

यामागे कष्ट आहेत. ताम्हाणे आधी कोर्टांत जाऊन बसले. लेखनाच्या काळात त्यांना दरमहा १५ हजार रुपये देणारे निर्माते विवेक गोम्बर, तेच सिनेमात बचावाचे वकील. त्यांची चीज-वाइनची खरेदी मला जरा लांबलेली वाटते. पण गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील लोकलनं घरी जाऊन स्वयंपाकाला लागते, तो भाग एक मिनिटही कापू नये असा आहे. शाहीर झालेले वीरा साथीदार तर नागपूरचे कार्यकर्ते, व्यावसायिक नट नव्हते.

२०१४ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात दोन पुरस्कार, मग राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ, नंतर भारताकडून ऑस्करलाही पाठवला. एप्रिल २०१५ मध्ये प्रदर्शित झाल्यावर मी इथल्या मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. शेवटाकडे कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते, दिवे मालवतात, पडदा काळा होतो. माझी अख्खी रांग उठली. तेवढ्यात सुट्टीवर गेलेले न्यायाधीश पडद्यावर आले, बाकावर डुलक्या घेणारे, आणि लोकांनी तो प्रसंग दारात उभ्यानं पाहिला. त्यांना मी नावं ठेवत नाही. खटला म्हटला की माणूस निकालाची वाट बघणारच, आणि इथं निकाल नाही.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला मेलेल्या कामगाराच्या विधवेच्या साक्षीत सापडतं. गटारात उतरणाऱ्या कामगारानं शाहिराचं गाणं ऐकून जीव दिला, असा आरोप आहे, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०६, आत्महत्येला प्रवृत्त करणं. बायको सांगते, तो उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, असं समजून उतरायचा. आणि न्यायाधीश साक्षी ऐकतात तशा टायपिस्टला इंग्रजीत सांगत जातात, कोरड्या, नीटनेटक्या वाक्यांत. प्रतीसाठी नक्कल अर्ज करून अशा जबाबांचे कागद मी कितीतरी वेळा आणलेत. ते वाचून माणूस कुठं अडखळला, कुठं गप्प झाला, हे कधीच कळत नाही. त्या साक्षीत कॅमेरा घाई करत नाही, म्हणून तिचं गप्प राहणंही आपल्यापर्यंत पोचतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुन्हा बघितलात तर तेवढी साक्ष हेडफोन लावून ऐका.