पहाटेची हवा आणि बाबांचा खोकला

प्रश्न : आम्ही चेंबूरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. शेजारच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी पुन्हा धुळीचा थर. सासरे ७१ वर्षांचे, त्यांना दमा आहे. तरी पहाटे साडेपाचला बागेत फिरायला जातातच, "त्या वेळची हवा शुद्ध" म्हणतात. दिवाळीपासून रोज खोकत परत येतात. मोबाइलवर एका अ‍ॅपवर हवेचा आकडा १०० दिसतो, त्याच वेळी दुसऱ्यावर १५०. खरा कोणता? पंप घ्यायला ते तयार नाहीत, सवय लागेल म्हणतात.
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : ताई, आधी बाबांची पहाट. ही समजूत काढताना दवाखान्यात रोज माझा घसा कोरडा पडतो! पावसाळ्यात ती खरी आहे, थंडीत नाही. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. वारा पडलेला असतो. ट्रकचा धूर, वॉचमनची शेकोटी, कुणी पेटवलेला कचरा, सगळं त्या झाकणाखाली साठतं. ऊन चढल्यावर ते सुटतं, दुपारी समुद्राकडून वारा आला की हवा खेळती होते. तेव्हा बाबांना दुपारचा चहा झाल्यावर चारला पाठवा, हमरस्ता टाळून.

आता आकडा. दोन्ही अ‍ॅप आपापल्या परीने खरं बोलतात. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतील तर आपल्या मोजपट्टीवर १०० येतात आणि अमेरिकन मोजपट्टीवर दीडशेच्या वर. शिवाय आपला सरकारी आकडा २४ तासांची सरासरी असतो, त्यात साडेपाचची हवा झाकली जाते. जागतिक आरोग्य संघटना तर या कणांसाठी २४ तासांच्या सरासरीत १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नका म्हणते. दम्याच्या माणसाने आपल्या मोजपट्टीवर १०० ओलांडले की जपावं.

टेबलावरच्या धुळीवर तुमचा राग आहे, तो रास्तच. पण डोळ्यांना दिसते ती जाडी धूळ बरीचशी नाकाघशात अडकते. तिने शिंका येतात, खोकला येतो, दमा उसळतो. धुरातले बारीक कण मात्र फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. त्यामुळे हवा बिघडली की दम्याबरोबर हृदयविकाराचे झटकेही वाढतात. बिल्डरला सोडा असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने नियम काढलेत : एक एकरापेक्षा लहान जागेलाही २५ फूट उंच पत्रे हवेत, इमारतीला कापडाचं आच्छादन, पाण्याचा फवारा, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुतलेली. यातलं काय नाही त्याचा तारखेसकट फोटो काढा आणि सोसायटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसला तक्रार द्या. एकट्याचा फोन विसरला जातो.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारतो : रात्री खिडक्या लावून डासांची कॉइल पेटवता का? एका कॉइलमधून साधारण ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात असं मोजलं गेलंय. मच्छरदाणी लावा. फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट चालू हवा. हवा शुद्ध करायला कुंड्या आणू नका, शोभेला आणा.

आणि पंप. सालब्युटामॉलची, म्हणजे श्वासनलिका मोकळी करणाऱ्या औषधाची, गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते, पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळीच्या विसावा नाहीतर चाळीसावा भाग, तोही थेट श्वासनलिकेत. सवयीचं भय बाबांना गोळीचं वाटत नाही, पंपाचं वाटतं! हा झाला तात्पुरत्या आरामाचा पंप. रोजचा, सूज कमी करणारा वेगळा असतो. तो बरं वाटलं म्हणून बंद करायचा नाही.

बाबा पूर्वी विडी-सिगारेट ओढत होते का? तसं असेल तर हा नुसता दमा नसेलही, सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असू शकतो, आणि त्याची औषधं वेगळी. छातीच्या डॉक्टरांकडे फुंकर मारायची चाचणी, स्पायरोमेट्री, करून घ्या. जुने एक्स-रे सोबत न्या.