नागपुरात फ्लॅटमध्ये राहतो, दोघंही नोकरीवाले. हस्की जातीचा कुत्रा घ्यावा का?

हस्की नका घेऊ. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, त्याच्या अंगावर बर्फातली दुहेरी लव, आणि तुम्ही दिवसभर बाहेर. लाइन गेली, कूलर बंद पडला तर? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. बिचाऱ्याचे हाल होतील.

मांजर घ्या, जमल्यास दोन पिल्लं सोबत. आमची मनी दुपारभर माठाजवळच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडलेली असते. बाल्कनीला जाळी मात्र आधी लावा. कुत्राच हवा असेल तर गावठी पिल्लू, तेही दिवसा घरी कोणी असेल तरच. देशी पोपट नको, तो पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.