नीटच्या आधी ती बंद केलेली गोळी

प्रश्न : मुलीला नीटमध्ये 412 गुण मिळाले. आता दुसऱ्यांदा ड्रॉप घेतला आहे. चार महिन्यांपूर्वी क्लासमध्ये तिला फिट आली आणि एमआरआयमध्ये मेंदूत जंताची 8 मिमीची सिस्ट (पाण्याने भरलेली गाठ) निघाली. जंताच्या औषधाचा कोर्स पूर्ण झाला. फिटच्या गोळीने झोप येते, रात्रीचा अभ्यास होत नाही, म्हणून तिच्या बाबांनी ती बंद केली. आम्ही शुद्ध शाकाहारी. कोबीसुद्धा आता आणत नाही. फॉर्मवर हा आजार लिहायचा का? आणि एमबीबीएस नाही मिळाले तर पुढे काय?

उत्तर : ताई, गुणांचे नंतर बघू. आजच न्यूरॉलॉजिस्टना फोन करा, गोळी कधीपासून बंद आहे ते सांगा आणि ती पुन्हा कशी सुरू करायची हे त्यांनाच ठरवू द्या. जंताचे औषध संपले म्हणजे फिटचे संपले, असे होत नाही. अल्बेंडाझोल, म्हणजे जंताचे औषध, सहसा 10 ते 14 दिवस देतात. सिस्ट मरताना भोवती सूज येते, म्हणून सोबत सूज उतरवणारे स्टिरॉइड असते. कोर्सनंतरही ती सूज किंवा तिचा व्रण उरतो आणि फिट तिथूनच उठते. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करतात. गाठ विरली असेल आणि मधे एकही फिट आली नसेल, तर डॉक्टर गोळी हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. गाठीच्या जागी कॅल्शियमचा ठिपका उरला तर गोळी जास्त काळ चालते. एकदम तोडली तर लागोपाठ फिट येऊन जिवावर बेतू शकते. जागरणानेही फिट येते. म्हणजे बाबांनी गोळी काढून घेतली आणि वर जागरण लावले. झोप येते याला डोस, वेळ किंवा औषध बदलणे हा उपाय आहे, आणि तोही डॉक्टरांनी करायचा.

कोबीचा दोष नाही. त्यातली अळी मेंदूत जात नाही. कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी (टेपवर्म) वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांनी, पाण्याने, कच्च्या भाजीने कोणाच्याही पोटात जातात. मेंदूतली सिस्ट या अंड्यांपासून होते. म्हणून शाकाहारी घरातही ती सापडते. घरातल्या सगळ्यांची आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची शौच तपासणी करून घ्या. एका नमुन्यात अंडी बऱ्याचदा सुटतात. वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्या.

आजार लपवू नका. एमआरआयची सीडी आणि रिपोर्ट, फिटची तारीख, ती किती मिनिटे चालली, कोणती गोळी किती मिग्रॅ आणि कधीपासून, हे सगळे एका फाइलमध्ये ठेवा. पुढचा एमआरआय या जुन्या सीडीशी ताडूनच वाचला जातो. नाहीतर हीच गाठ क्षयाची समजून टीबीची औषधे सुरू होण्याचा धोका राहतो. फॉर्मवर विचारले असेल तिथे खरे लिहा. डॉक्टर परवानगी देईपर्यंत स्कूटी आणि पोहणे बंद.

वाटा आहेत : बी.एस्सी. एमएलटी (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी), मेडिकल इमेजिंग (एक्स-रे, एमआरआय वगैरे), मायक्रोबायॉलॉजी. पशुवैद्यकीयलाही नीट लागतेच. इमेजिंग किंवा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळ्या असतात, हे तिच्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. पण यातले तिला काय हवे, हे पत्रात कुठेच नाही. बाबा घरात नसताना तिला विचारा आणि पुढचे पत्र तिलाच लिहू द्या. तोवर नव्या क्लासची फी भरू नका.