भुंगेऱ्याचे फोटो काढून पोट भरेल का?

नमस्कार ताई,

तुमचा मुलगा सोलापुरात अकरावी सायन्सला आहे. सांगोल्याच्या मामांच्या डाळिंबाच्या बागेतून त्यानं किडकी फांदी घरी आणली, ती फोडली आणि मोबाइलला क्लिपची लेन्स लावून रात्री दोनपर्यंत भुंगेऱ्यांचे फोटो काढले. आता ‘हेच करणार’ म्हणतो. यात पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंय.

नुसत्या फोटोंवर अवघड आहे. पण किडा ओळखणाऱ्या माणसाच्या हातात कॅमेरा असेल, तर त्या फोटोची किंमत बदलते.

त्याचा फोटो मी मोठा करून बघितला. जेमतेम दोन मिलिमीटरचा, खोडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पाडणारा शॉट होल बोरर वाटतो. फोटो छान आहे, पण सरळ वरून काढलाय. या भुंगेऱ्यांची जात ओळखायची तर पंखांचा मागचा उतार बघावा लागतो. तिथले बारीक दाणे आणि केसांच्या रांगा बरंच सांगून जातात. शिवाय हा भुंगेरा लाकूड खात नाही! मादी बुरशी सोबत आणते, बोगद्यात वाढवते आणि अळ्या त्या बुरशीवर पोसतात. झाडाला खरा धोका त्या बुरशीचा. बुरशी वाहून आणायच्या थैल्या तिच्या डोक्यात, तोंडापाशी असतात; वरून कितीही फोटो काढा, दिसणार नाहीत. कुठे छेद घ्यायचा, हे शरीररचना शिकल्यावरच कळतं.

म्हणून बारावीला जीवशास्त्र पक्कं करू द्या. एमएचटी-सीईटी देऊन बीएस्सी ॲग्री, चार वर्षं. आपल्या भागाला राहुरीचं कृषी विद्यापीठ आहे. पुढे एमएस्सीला कीटकशास्त्र. प्राणीशास्त्राची वाटही आहेच. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तर तुमच्या सोलापुरातच, केगावला आहे. त्याला घेऊन एकदा तिथल्या कीटकशास्त्रज्ञांना भेटाच.

महागडा कॅमेरा आत्ता घेऊ नका. इतक्या जवळून एका फोटोत मिलिमीटरचा थोडासाच भाग स्पष्ट येतो. डोळा स्पष्ट आला की पाय धूसर. त्यामुळे फोकस थोडा थोडा सरकवत चाळीस-पन्नास फोटो काढून ते सॉफ्टवेअरनं जोडतात. हा संयम आधी अंगी येऊ दे. भुंगेऱ्याची पाठ चकाकते, म्हणून दिव्यासमोर बटर पेपर लावायला सांगा. शेजारी आलेख कागदाचा तुकडा ठेवला की मापही कळतं.

आणि ताई, ती फांदी अजून घरात असेल तर आजच जाळा. त्यातून भुंगेरे बाहेर पडून दुसऱ्या झाडांवर जाऊ शकतात. यापुढे बागेतली किडकी फांदी बाहेर आणायचीच नाही. हवे तेवढे भुंगेरे तिथेच ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत घ्यायचे. आत तारीख, गाव आणि झाड लिहिलेली चिठ्ठी टाकायची. चिठ्ठी पेन्सिलनंच लिहायची, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.