काय गाळलंय ते लिही

प्रिय इंजिनियर बाई,

तुझा मेसेज वाचला. प्रोजेक्टच्या डॅशबोर्डवरचा एकच व्ह्यू तिघांनी उघडला, थकलेल्या आरएफआयचा, म्हणजे सल्लागाराला लेखी विचारलेल्या पण न मिटलेल्या प्रश्नांचा, आकडा तिघांना वेगवेगळा दिसला, आणि भर मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडे वळल्या. वर प्रोजेक्ट मॅनेजर बाहेर येऊन म्हणाले की क्लायंटच्या व्ह्यूतून जुने आरएफआय काढ, जरा स्वच्छ दिसू दे. आता तू विचारतेस की चुकलं कोण, आणि त्यांचं ऐकू की नको.

तू हुशार आहेस, मेहनती आहेस वगैरे लिहीत बसत नाही. ते तुला माहीत आहे, आणि त्याने आकडे जुळणार नाहीत. तिन्ही आकडे बरोबर होते. तुझ्या व्ह्यूवर एक ओळ नव्हती, एवढंच. यातून काय गाळलंय, हे सांगणारी ओळ.

डॅशबोर्डचा व्ह्यू म्हणजे मुळात गाळणंच. वेळापत्रकात हजारो ॲक्टिव्हिटी असतात, त्यातल्या चाळीसेक पडद्यावर येतात, म्हणजे बाकीच्या कुणीतरी बाजूला ठेवलेल्या असतात. स्वतःपुरता व्ह्यू असेल तर काही बिघडत नाही, काय बाजूला ठेवलंय ते तुझ्या डोक्यात असतं. पण 'शेअर' दाबलं की व्ह्यू जातो, डोकं जात नाही. समोरच्याला चाळीस ओळी दिसतात आणि तो समजतो की आहेतच चाळीस.

आधी तुझे तीन आकडे निस्तरू. शेअर करताना तू मांडणी दिलीस: कोणते कॉलम, कोणता क्रम, कोणता फिल्टर. माहिती दिली नाहीस. ती ज्याच्या त्याच्या परवानगीप्रमाणे येते. खाजगी म्हणून नोंदवलेला आरएफआय सगळ्यांना दिसत नाही, उपकंत्राटदाराला बहुधा त्याच्या पॅकेजपुरतंच, म्हणजे वाट्याच्या कामापुरतंच दिसतं, आणि वरची बेरीज दिसणाऱ्या ओळींचीच होते. त्यात फिल्टरमध्ये 'जबाबदार व्यक्ती: मी' असं काही राहून गेलं असेल तर विचारायलाच नको, कारण तिथे 'मी' म्हणजे जो उघडेल तो. उपाय साधा आहे. ज्या आकड्यावर मीटिंगमध्ये चर्चा व्हायची आहे तो एकाच लॉगिनमधून काढ, तारीख-वेळ घालून पीडीएफ कर, आणि तीच सगळ्यांना दे. रोजच्या कामाला लाइव्ह लिंक असू दे. आणि दोन्हींच्या माथ्यावर लिही: खाजगी नोंदी वगळून, अमुक पॅकेजपुरतं. काय गाळलंय ते लिही.

तुझ्या फिल्टरचा स्क्रीनशॉट पाठवलास ते बरं केलंस. 'स्टेटस: ओपन किंवा ओव्हरड्यू' असं तू लावलंयस. हे बदल. उद्या कुणी ॲडमिन 'सल्लागाराकडे परत' नावाचं नवं स्टेटस बनवेल, आणि त्यात गेलेले सगळे आरएफआय तुझ्या व्ह्यूतून गुपचूप नाहीसे होतील. एरर येणार नाही, लाल दिवा लागणार नाही, आकडा खाली येईल आणि लोक तुझं अभिनंदन करतील. हवं ते निवडण्याऐवजी नको ते वगळ: 'क्लोज्ड नसलेले सगळे'. मग नवं स्टेटस आलं तरी ते आपोआप व्ह्यूत येतं. शिवाय उत्तर आलेला आरएफआय आणि मिटलेला आरएफआय एक नव्हेत. सल्लागार दोन ओळींचं उत्तर टाकतो, सुधारित ड्रॉइंग यायचं असतं, आणि साइटवर सळई बांधणारी टोळी हातावर हात धरून बसलेली असते. व्ह्यू म्हणतो उत्तर मिळालं. मिळालं ना, पण काम सुरू करता येईल असं नाही मिळालं.

तारखांचंही तसंच. पुढच्या १४ दिवसांचा लुक-अहेड, म्हणजे येणाऱ्या कामांचा व्ह्यू, बनवताना कॅलेंडरमधून दोन तारखा निवडून ठेवल्यास की तिसऱ्या आठवड्यात तो रिकामा दिसतो, आणि रिकाम्या व्ह्यूचा अर्थ लोक 'काही काम नाही' असा घेतात. 'आजपासून १४ दिवस' असा सरकता फिल्टर लाव. कोपऱ्यात 'अपडेटेड सकाळी १०:००' दिसतं ना, ती वेळ पडदा ताजा झाल्याची असते, माहिती भरल्याची नव्हे. साइट इंजिनियरने परवाचा डीपीआर, म्हणजे रोजचा प्रगती अहवाल, अजून भरलेला नसेल तर सकाळी दहाचा पडदासुद्धा परवाच्या आधीचाच आहे. वेळापत्रकाच्या व्ह्यूवर डेटा डेट, म्हणजे माहिती कुठल्या तारखेपर्यंतची आहे ती तारीख, छापायला विसरू नकोस. मी तर डेटा डेट नसलेला बार चार्ट हातात घेत नाही. लोकांना तो माझा नखरा वाटतो. वाटू दे.

'क्रिटिकल' या शब्दावर तर मी भांडलोय. १९५७च्या सुमारास ड्यूपाँचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथची पद्धत उभी केली. तेव्हापासून आपण एकच शिकवत आलो: सगळ्यात लांब साखळी शोधा, प्रोजेक्ट तिच्यावर अडलेला असतो. पण आज प्रायमाव्हेरा या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये तू क्रिटिकल कशाला म्हणायचं हे सेटिंगमध्ये ठरवतेस. एकूण फ्लोट, म्हणजे प्रोजेक्ट न लांबता काम जितके दिवस मागे सरकू शकतं ते, अमुक दिवस किंवा कमी, की सर्वात लांब मार्गावरच्या ॲक्टिव्हिटी? कॅलेंडर वेगवेगळी असली, एखाद्या ॲक्टिव्हिटीला तारखेचं बंधन घातलेलं असलं, की या दोन याद्या जुळत नाहीत. मग तुझ्या व्ह्यूचं नाव 'क्रिटिकल', कंत्राटदाराच्या व्ह्यूचं नाव 'क्रिटिकल', आणि दोघंही एकमेकांना खोटं ठरवत बसतात. नाव देतानाच लिही: 'फ्लोट ० किंवा कमी'. मग वाचणाऱ्याला आपोआप कळतं की दोन दिवस फ्लोट असलेलं लिफ्टचं काम यात नाही, आणि पुढच्या महिन्यात तेच त्याच्या उरावर बसू शकतं.

आता मॅनेजरचं. तुझी अपेक्षा असेल की मी म्हणेन, बाणेदारपणे नकार दे. नाही म्हणणार. क्लायंटला वेगळा व्ह्यू देण्यात काहीही वाईट नाही. आपला खर्च, उपकंत्राटदाराचे दर, घरातली भांडणं क्लायंटने बघायचं कारण नाही. साइट इंजिनियरला उद्याची कामं हवीत, बिलिंगवाल्याला मोजमापं हवीत, क्लायंटला टप्पे आणि त्याच्याकडे अडलेले निर्णय हवेत. त्याला कुणी तोंड बघून टिळा म्हणालं तर म्हणू दे. तेव्हा मॅनेजरना सांग, काढते. काढ जुने आरएफआय. मात्र व्ह्यूचं शीर्षक 'सर्व आरएफआय' ठेवू नकोस, 'आरएफआय, ३० दिवसांपेक्षा जुने वगळून' असं कर, आणि पाठवण्याआधी त्यांच्याकडून ते पाहून घे.

बहुतेक वेळा ते शीर्षक वाचून माणूस स्वतःच म्हणतो, राहू दे मग, सगळेच दाखव. तुला वाद घालावा लागत नाही, तात्त्विक भाषण द्यावं लागत नाही. माणसं गाळायला तयार असतात, गाळल्याचं लिहून द्यायला नसतात. आणि तरीही ते म्हणाले की पाठव, तर पाठव. क्लायंट वाचू शकतो, वाचून विचारू शकतो. पण ते म्हणाले की शीर्षक बदलू नको, जुने मात्र काढ, तर तिथे तू थांबायचंस. तो व्ह्यू तुझ्या नावाने जाणार नाही, एवढं बोलायचं आणि खाली बसायचं.

हे मी सहज लिहितोय असं समजू नकोस. एका प्रोजेक्टवर गुणवत्तेचा साप्ताहिक व्ह्यू माझ्याकडे होता. त्यात काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या क्यूबचं एक विजेट, म्हणजे आकड्याची चौकट, होतं, भलंमोठं हिरवं शून्य: नापास, ०. आता तुला ठाऊकच आहे, ७ दिवसांच्या निकालावरून अंदाज येतो, पण स्वीकारायचं की नाही हे २८ दिवसांच्या निकालावर ठरतं. म्हणजे गेल्या चार आठवड्यांत ओतलेल्या काँक्रीटचा अंतिम निकाल कुणाकडेच नसतो. काम जोरात असेल तर हाच भाग सगळ्यात मोठा. त्या शून्यात पास झालेले होते आणि ज्यांचा निकालच लागला नाही तेही होते. मी त्याखाली एक ओळ घातली: २८ दिवसांचे निकाल बाकी, इतके संच. बस. लाल रंग नाही, उद्गारचिन्ह नाही.

ज्यांच्या हाताखाली मी शेड्युलिंग शिकलो तेच तिथे वर होते. ते म्हणाले, क्लायंटच्या हातात काडी कशाला देतोस? मी म्हणालो, काडी नाही, मोजणी आहे. त्यांनी ओळ काढायला सांगितली, मी काढली नाही, त्यांनी डॅशबोर्ड माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिला. दुसऱ्याने ओळ काढली. पुढे ते सगळे क्यूब पास झाले. एकूण एक.

मग काय, बघ आम्ही म्हणत नव्हतो का, असं बरेच जण बोलून गेले. झाकली मूठ राहिली असती तर बरं झालं असतं, असाही सूर होता. मला त्यांचं गणित आजही कळत नाही. क्यूब पास झाले यावरून काँक्रीट चांगलं होतं हे कळतं. ज्या दिवशी ते शून्य छापलं त्या दिवशी आपल्याला ते माहीत होतं, हे त्यावरून सिद्ध होत नाही. माहीत नव्हतं, आणि मी तेवढंच लिहिलं होतं. खंत आहे ती त्या गृहस्थांची. नंतर भेटले की हवापाण्याचं बोलायचे, पूर्वीसारखं वेळापत्रक समोर पसरून बसणं पुन्हा झालं नाही. त्यांना वाटलं मी त्यांच्यावर अविश्वास दाखवला. मी विजेटवर दाखवला होता. हा फरक त्यांना समजावण्याइतका मऊपणा माझ्यात तेव्हा नव्हता आणि आता आहे अशी माझी खात्री नाही. तुझ्या मॅनेजरशी बोलताना तू जरा मऊ बोल. ओळ मात्र तीच ठेव.

टक्क्यांचं आणि निर्देशांकांचं तर विचारूच नकोस. एसपीआय हा वेळापत्रकाचा निर्देशांक म्हणजे कमावलेलं मूल्य (झालेल्या कामाची ठरलेली किंमत) भागिले नियोजित मूल्य (आजवर व्हायला हव्या होत्या त्या कामाची). काम संपलं की दोन्ही सारखी होतात, त्यामुळे इमारत वर्षभर उशिरा उभी राहिली तरी शेवटी निर्देशांक १ येतो. शेवटच्या टप्प्यात तो जो सुधारताना दिसतो, तो भागाकाराचा गुण आहे, कामाचा नव्हे. वॉल्टर लिपके यांनी २००३ मध्ये याच दुखण्यावर 'अर्न्ड शेड्यूल' सुचवलं, उशीर पैशांऐवजी काळात मोजायचा. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये ते नसेल तर एसपीआयच्या शेजारी करारातली पूर्णत्वाची तारीख आणि आजचा अंदाज, दोन्ही ठेव. आणि '६८ टक्के पूर्ण' असं लिहिलंस तर कशाचे टक्के तेही लिही, ॲक्टिव्हिटींच्या संख्येचे की किमतीच्या वजनाचे. सोप्या शंभर ॲक्टिव्हिटी उरकून अवघड दहा मागे ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

रंग, फाँट यावर फार वेळ घालवू नकोस. साधारण बारा पुरुषांत एकाला लाल-हिरव्यात गोंधळ होतो, तेव्हा रंगासोबत शब्दही छाप. फोनवर उघडून बघ, कारण फोनवर उजवीकडचे कॉलम पडद्याबाहेर जातात, आणि पडद्याबाहेर गेलेलं हेही गाळलेलंच. ज्या कॉलममुळे निर्णय होतो तो डावीकडे आण.

मालकी मात्र पक्की कर. शेअर केलेल्या व्ह्यूवर सगळ्यांना बदल करण्याची मुभा ठेवलीस तर कुणीतरी आपल्या सोयीसाठी एक मजला फिल्टर करेल, सेव्ह दाबेल, आणि दुसऱ्या दिवशी सगळी साइट एका मजल्याची होईल. प्रायमाव्हेरात ग्लोबल, प्रोजेक्टपुरत्या आणि स्वतःपुरत्या मांडण्या वेगळ्या ठेवता येतात, तो भेद पाळ. ग्लोबलला हात लावण्याआधी प्रत काढ. व्ह्यूच्या नावात तुझी आद्याक्षरं घाल. कुणाला बदल हवा असेल तर त्याने स्वतःची प्रत करावी. आणि जे व्ह्यू महिनाभर कुणी उघडले नाहीत ते काढून टाक, हात थरथरू देऊ नकोस.

तू लिहिलंयस की इतक्या ओळी घातल्या तर व्ह्यू गचाळ दिसेल. अगं, एकच ओळ म्हणतोय मी. फिल्टर, डेटा डेट, वगळलेलं, एका ओळीत बसतं. बसत नसेल तर तू एका व्ह्यूत फार काही कोंबलंयस, त्याचे दोन कर.

शेवटी आकडा दाखवायला गेज, म्हणजे काट्याची तबकडी, ठेवू की बार, असं विचारलं होतंस. बार. गेज एका आकड्यासाठी अर्धा पडदा खातो, आणि ती जागा तुला या ओळीसाठी लागणार आहे.

तुझा,
सर